शिक्का, पत्ते आणि शुभेच्छापत्र : प्रस्तावना

एटापल्लीसारख्या अरण्यातील तालुक्याच्या गावी सामान्य माणसाची शिक्क्याशी पहिली ओळख होते ती कचेरीच्या दारात. जातीचा दाखला असो, शिधापत्रिका असो, वनहक्काचा दावा असो की सातबाऱ्याचा उतारा असो, अर्ज कितीही नीटनेटका लिहिलेला असला तरी जांभळ्या शाईचे ते वाटोळे त्यावर उमटेपर्यंत त्याला कोणी विचारीत नाही, आणि ते उमटावे म्हणून दूरच्या पाड्यावरचा माणूस शिदोरी बांधून, नाले ओलांडून, दिवसभराची मजुरी बुडवून तालुक्याला येतो. जंगलातला सागाचा ओंडकासुद्धा वनखात्याच्या हातोड्याची खूण अंगावर उमटल्याखेरीज आगाराबाहेर हलत नाही. अशा मुलखात शिक्का म्हणजे हुकूम, मंजुरी आणि अधिकार. तो नेहमी दुसऱ्याच्या मेजावर असतो आणि आपण त्याच्यापुढे उभे असतो, ही समजूत लोकांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. प्रस्तुत पुस्तक तोच शिक्का उचलून आश्रमशाळेतील मुलामुलींच्या, बचतगटातील भगिनींच्या आणि हौसेने काही करू पाहणाऱ्या कोणाही इसमाच्या हाती देते आणि त्याने आपल्या माणसांना शुभेच्छा पाठवाव्यात असे सुचविते. एवढ्या एका गोष्टीसाठीही मला या पुस्तकाचे मोल मोठे वाटते.

विषय म्हटला तर लहान आहे. रबरी ठशांनी चित्रे उमटवावीत, खेळातून बाद झालेल्या पत्त्यांना घासून, रंगवून, कापून नवे रूप द्यावे आणि या दोहोंच्या साहाय्याने हाताने शुभेच्छापत्रे तयार करावीत, एवढाच त्याचा विस्तार. परंतु या तीन जिनसांपैकी प्रत्येकीला स्वतःचा दीर्घ इतिहास आहे; ठसा राज्यकारभारातून आला, पत्ता दरबारातल्या आणि चावडीवरच्या खेळातून आला, शुभेच्छापत्र टपालाच्या सोयीतून आले, आणि तिघांचा संगम होऊन जी कला सिद्ध झाली तिने चित्रकलेचे दार अशा लोकांना उघडून दिले की ज्यांना शाळेपासून ‘तुला चित्र येत नाही’ असेच सांगण्यात आले होते. या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाला त्याच्या सीमा, वाटा आणि वळणे ठाऊक असावीत, म्हणून हा थोडा विस्तार.

मुद्रा उमटविण्याची विद्या आपल्या भूमीत फार प्राचीन. सिंधू संस्कृतीच्या दगडी मुद्रांवरील एकशिंगी पशू आणि अद्याप न उलगडलेली अक्षरे चार हजार वर्षांनंतरही मातीत तितक्याच स्पष्टपणे उमटतात. पुढे राजसत्तेने मुद्रेला आपल्या वचनाचे प्रमाण मानले. शिवछत्रपतींची अष्टकोनी मुद्रा पत्राच्या शिरोभागी असे आणि मजकूर संपला तेथे मर्यादेची लहान मुद्रा उमटविली जाई, जेणेकरून खाली कोणी एक अक्षरही घुसडू नये. म्हणजे पत्र कोणाचे आणि ते कोठे संपले या दोन्ही गोष्टींची ग्वाही शिक्का देत असे. एटापल्लीचा हा मुलूख अहेरीच्या जमीनदारीत होता, पुढे तो इंग्रजी अमलाखाली आला, आणि १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. दप्तरे बदलली, मोहरेवरची अक्षरे बदलली, मोहरेचा दरारा मात्र तसाच राहिला. त्यात एक शुभ पालट आमच्याच जिल्ह्याने पाहिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक पासाचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. आपल्या वनातील बांबूला स्वतः परवाना देण्याचा अधिकार गावाला लाभला. अधिकाराची खूण वरून खाली उतरू शकते, हे त्या प्रसंगाने साऱ्या देशाला दाखविले.

रबराचा ठसा हे या परंपरेतील अगदी अलीकडचे अपत्य. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाला १८३९ साली असे आढळले की कच्च्या रबरात गंधक मिसळून त्यास उष्णता दिली असता ते उन्हाळ्यात चिकट होत नाही, थंडीत कडक होत नाही आणि आपला आकार सोडीत नाही. या पक्क्या रबराचा उपयोग दंतवैद्य कवळ्यांची बैठक घडविण्यासाठी करू लागले, आणि रबरी शिक्के बनविणाऱ्या आरंभीच्या कारागिरांनी दंतवैद्यांचीच ती लहान उष्णतायंत्रे वापरात आणली. पितळ आणि लाकूड यांच्या ठशाला सपाट पृष्ठभाग लागतो. रबर किंचित दबते, म्हणून खरखरीत कागदावरही ते शाई सर्वत्र पोचविते. या गुणामुळे अर्धशतकात जगभरच्या कचेऱ्या, बँका आणि टपालघरे रबरी शिक्क्यांनी भरून गेली.

कचेरीतील हे साधन कलावंतांच्या हाती गेले ते पहिल्या महायुद्धानंतर. जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्स याने १९१९च्या सुमारास कार्यालयीन शिक्क्यांचे ठसे आपल्या चित्रांत वापरले. पुढे न्यूयॉर्कच्या रे जॉन्सनने मित्रांना टपालाने चित्रे, कात्रणे आणि ठसे पाठविण्याचा असा परिपाठ पाडला की त्यातून ‘टपालकला’ हा स्वतंत्र संप्रदायच उभा राहिला. चित्रदालनाची मंजुरी न मागता लिफाफा हेच प्रदर्शन मानणारे हे लोक होते. १९७० नंतर अमेरिकेत फुले, पक्षी, अक्षरे, नक्षी यांचे तयार ठसे विकणारी दुकाने निघाली, १९८० साली केवळ या छंदाला वाहिलेले नियतकालिकही सुरू झाले, आणि ठसेकाम हा घरोघरीचा उद्योग झाला. आपल्याकडे त्याचे बीज निराळ्या मातीत आधीच पडलेले होते. कापडावर लाकडी छाप्याने फुले उमटविणारे छिपे, गौरी आणायच्या दिवशी उंबरठ्यापासून आतपर्यंत कुंकवाची पावले उमटविणाऱ्या गृहिणी, आणि भेंडी, बटाटा किंवा कांदा आडवा कापून, रंगात बुडवून वहीत नक्षी उठविणारी प्राथमिक शाळेतील मुले, ही सर्व ठसेकामाचीच परंपरा होय. मराठी शाळेतून गेलेला बहुतेक प्रत्येक माणूस एकदा तरी भेंडीच्या ठशाचा कलावंत होऊन गेलेला असतो. पुढे ती वाट त्याने सोडली, इतकेच.

आता पत्त्यांकडे वळू. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफे, म्हणजे त्या काळचे पत्ते, पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अबुल फजलने अकबराच्या दरबारातील गंजिफ्याचा तपशीलवार वृत्तांत लिहून ठेवला आहे. या परदेशी खेळाला आपल्या लोकांनी दशावतारी रूप दिले: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने, म्हणजे एकूण १२० वाटोळी पाने. महाराष्ट्रात ही कला सावंतवाडीने जिवंत ठेवली. तेथील चितारी कारागीर चिंचोक्याच्या खळीने थर एकमेकांवर चिकटवून पान बनवितात, त्यावर अस्तराचा लेप देतात, गुळगुळीत दगडाने घोटतात, मग कुंचल्याने अवतार रंगवितात आणि शेवटी लाखेचे पाणी देऊन ते पक्के करतात. ही विद्या लोप पावण्याच्या बेतात असताना शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी तिला राजवाड्यात आश्रय देऊन पुन्हा उभे केले. आणि मुंबईत राहिलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांचा गंजिफ्यांवरील ग्रंथ १९८२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाल्यावर जगाचे लक्ष तिकडे वेधले. पत्ता हा मुळात हाताने रंगविलेले लहानसे चित्रच होता. छापखान्याने त्याला एकसारखे केले. तेव्हा छापील पत्त्यावर पुन्हा हाताने चित्र उठविणारा माणूस परंपरेचा भंग करीत नसून तिच्या मुळाकडे जात असतो.

पत्त्याला खेळाबाहेरचे काम देण्याचे दाखलेही थोडे नाहीत. युरोपात एके काळी पत्त्यांची पाठ कोरी असे, म्हणून निमंत्रणे, चिठ्ठ्या आणि भेटीची नावे त्यावर लिहिण्याची वहिवाट होती. कॅनडातील फ्रेंच वसाहतीत १६८५ साली सैनिकांच्या पगाराला नाणे उरले नाही, तेव्हा तेथील कारभारी जाक द म्युल याने पत्ते गोळा केले, त्यांवर रक्कम घालून सही केली, मोहोर उमटविली आणि तेच चलन म्हणून जारी केले. सही-शिक्का बसताच खेळातले पान सरकारी तिजोरीचे वचन बनले. क्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये १७९१ साली जप्त ग्रंथसंग्रहांची सूची करण्यासाठी पत्त्यांच्या कोऱ्या पाठी वापरण्यात आल्या. अगदी अलीकडे, १९९७ साली, झुरिचच्या व्हांची स्टिर्नेमान या कलावंताने पत्त्याएवढ्या आकाराची, अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच अशी स्वहस्ते केलेली चित्रपाने परस्परांत अदलाबदल करण्याची प्रथा सुरू केली. या पानाची विक्री करायची नाही, एकाने दिले की दुसऱ्याने द्यायचे, असा तिचा दंडक आहे. जुन्या पत्त्यालाच पाया करून त्यावर चित्र रचणे ही या संप्रदायातील आवडती रीत होय.

येथे एका आक्षेपाची दखल घेणे अवश्य आहे. पत्त्यांना आमच्याकडे चांगले नाव नाही. कोंबडबाजाराच्या कडेला पत्त्यांवर पैसे लावून उद्ध्वस्त झालेली घरे सर्वांच्या पाहण्यात असतात, आणि शाळेत पत्ते आणले म्हणजे मुलांच्या हाती व्यसनाची किल्ली दिली, असे पालकांस वाटणे स्वाभाविक आहे. या शंकेचा मी आदर करतो. परंतु मेंढीकोट, बदाम सात किंवा झब्बू यांत उन्हाळ्याच्या सुटीतील दुपारी घालविलेल्या असंख्य निरपराध मुलांचीही पत्त्यांवर मालकी आहे. आणि शिवाय या कलेला लागणारा पत्ता हा खेळाला कायमचा मुकलेला असतो. कॅटमधले एक पान हरवले की उरलेल्या एकावन्न पानांचा डाव मांडता येत नाही. कपाटाच्या कोपऱ्यात पडलेला असा अपुरा कॅट घरोघर असतो. जे पान घासून, रंगवून, त्यावर ठसा उमटवून बहिणीला पाठविले गेले त्यावर पुन्हा कोणी पैज लावणार नाही. पत्त्याला जुगारातून सोडविण्याचा यापेक्षा सरळ मार्ग मला दिसत नाही.

शुभेच्छापत्राचा जन्म टपालाच्या स्वस्ताईतून झाला. इंग्लंडात १८४० साली एक पेनीचे टपाल सुरू झाले आणि तीनच वर्षांनी, १८४३ साली, त्या सुधारणेच्या कामात वावरलेल्या हेन्री कोल याने जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळाचे पहिले विक्रीयोग्य शुभेच्छापत्र करवून घेतले. त्याच्या सुमारे एक हजार प्रती दगडी छापावर काढून हाताने रंगविण्यात आल्या होत्या. अमेरिकेत एस्थर हाउलँड या तरुणीने त्याच दशकाच्या अखेरीस आपल्या घरी स्त्रियांना जमवून झालर, रंगीत कागद आणि चित्रे यांची प्रेमपत्रे हाताने करून विकण्याचा मोठा उद्योग उभारला. आजच्या बचतगटांनी ध्यानात ठेवावा असा हा दाखला आहे. हिंदुस्थानात १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि दूरच्या माणसाची खुशाली विचारणे गरिबाच्याही आवाक्यात आले. मराठी घरांनी या सोयीला संक्रांतीचे वळण दिले. तिळगुळाचे किंवा हलव्याचे चार दाणे कागदाच्या चिमुकल्या पुडीत बांधून, सोबत रंगीत भेटकार्ड घालून परगावच्या आप्तांना पाठविण्याची रीत कित्येक दशके चालली, आणि जानेवारीच्या मध्यास पोस्टमनची झोळी त्या पाकिटांनी फुगत असे. नाताळाच्या कार्डाचे अनुकरण म्हणून या प्रथेकडे पाहणे अन्यायाचे होईल; गोड बोलण्याचा सण टपालाच्या अंगावर घालून आपल्या लोकांनी तिला पूर्णपणे आपले केले होते.

या इतिहासात चंद्रपूर जिल्ह्याचे स्थान विशेष मानाचे आहे. १९४९ साली वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवनाची स्थापना केली. दानाने माणूस दुबळा होतो आणि श्रमाने उभा राहतो, या श्रद्धेवर रचलेल्या त्या वसाहतीत जे अनेक हस्तोद्योग वाढले त्यांत शुभेच्छापत्रांचा उद्योगही होता. कुष्ठरोगाने ज्यांच्या बोटांची संवेदना हिरावून घेतली त्या माणसांनी, आणि त्यांच्या जोडीला कर्णबधिर व अपंग कारागिरांनी केलेली ती कार्डे महाराष्ट्रातील अनेक घरांत पोचली. ज्या हातांचा स्पर्श समाजाने नाकारला होता त्यांच्याच हातची शुभेच्छा दिवाळीला उंबरठा ओलांडून आत आली. त्याच १९४९ साली संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने आपले पहिले शुभेच्छापत्र काढले, आणि त्यावरचे चित्र झेकोस्लोव्हाकियातील एका सात वर्षांच्या मुलीने, युद्धोत्तर टंचाईत कागद मिळेना म्हणून, काचेवर रंगविलेले होते. एक दाखला आमच्या शेजारचा, दुसरा सात समुद्रांपलीकडचा; दोन्ही एकच गोष्ट सांगतात की शुभेच्छापत्राची प्रतिष्ठा साहित्याच्या श्रीमंतीवर अवलंबून नाही.

आज या कलेत स्थूलमानाने चार संप्रदाय दिसतात. पहिला स्वच्छ ठशाचा: कोरी जागा भरपूर सोडावी, एकच ठसा नेमक्या जागी उमटवावा आणि फार तर त्यात दोन रंग भरावेत. दिसायला हा सर्वांत सोपा आणि करायला सर्वांत कठीण, कारण त्यात चूक झाकायला जागा नसते. दुसरा थरांचा: जुन्या लग्नपत्रिका, वर्तमानपत्राचे तुकडे, नकाशे, तिकिटे, कापडाच्या चिंध्या एकावर एक चिकटवून, त्यांच्या अंगावर ठसे उमटवून समृद्ध पृष्ठभाग साधायचा. तिसरा स्वतः कोरलेल्या ठशांचा, जो तयार ठसा विकत घेणे कमीपणाचे मानतो आणि खोडरबर, लिनोलियम किंवा मिळेल त्या रबरातून आपली आकृती आपण कोरतो. चौथा रूपांतरित पत्त्यांचा, ज्यात पत्त्यावरील मूळ खुणा पुसून न टाकता त्यांना नव्या अर्थाने कामी लावले जाते: बदामाच्या सत्तीतील सात बदामांना देठ काढले की पळसाची फांदी होते, चौकटच्या नव्व्यातून पतंगांनी भरलेले संक्रांतीचे आकाश उभे राहते, किलवरचे पान झाड बनते. या चौघांत वादही आहेत. तयार ठसा वापरणारा खरा कलावंत की नाही, हा त्यांतील जुना वाद. माझ्या मते आरंभ करणाऱ्याने तयार ठशाची लाज बाळगू नये आणि थोडा सराव झाल्यावर त्यावरच थांबू नये. कारण पहिली खूण स्वतःच्या हाताने कोरण्याचा आनंद ज्याने घेतला त्याला या कलेचे अर्धे मर्म कळले.

साहित्याच्या बाबतीत या पुस्तकाने जो विवेक दाखविला आहे तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. परदेशी पुस्तकांतून सांगितलेल्या शाया, यंत्रे आणि कागद एटापल्लीच्या बाजारात मिळत नाहीत, आणि मिळाले तरी परवडत नाहीत. लेखिकेने त्यांच्या जागी सायकलची फाटकी ट्यूब, झिजलेल्या चपलेचा मऊ तळ, बांबूचे पेर आणि सुताराकडे पडलेले सागाचे तुकडे आणले आहेत. ट्यूबमधून आकृती कापायची, सागाच्या सपाट तुकड्यावर चिकटवायची, की ठसा तयार. काळ्या शाईसाठी दिव्याची काजळी आणि धावड्याचा डिंक, केशरी रंगासाठी पळसाची फुले, पिवळ्यासाठी हळद. हे सर्व हाताशी आहे. कागदाचे तर या भूमीशी रक्ताचेच नाते. बल्लारपूरच्या कागद गिरणीने याच जंगलांतील बांबूचा लगदा केला, आणि शेजारच्या वर्ध्यात मगनवाडीला गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाने हातकागदाचे प्रयोग चालविले होते. तेव्हा ‘आमच्याकडे साहित्य नाही’ ही सबब या मुलखातील शाळेने तरी सांगू नये.

तंत्राची एकच बाब जवळून दाखवितो, म्हणजे या कामाला किती अवधान लागते याची कल्पना येईल. छापील पत्त्यावर चकचकीत लेप असतो, त्यामुळे साध्या स्टँपपॅडची शाई त्यावर ठरत नाही. बोट लागताच पुसली जाते. म्हणून प्रथम बारीक पॉलिशपेपरने पत्ता हलक्या हाताने घासून त्याची चकाकी मोडायची, मग पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, आणि पत्ता वाकडा होऊ नये म्हणून तसाच हात पाठीलाही देऊन, वाळल्यावर जड पुस्तकाखाली रात्रभर दाबून ठेवायचा. ठसा शाईत बुडवायचा नाही. पॅडवर दोनदा-तीनदा हलकेच टेकवायचा, मग कागदावर सरळ ठेवून तळहाताने सारखा दाब द्यायचा आणि न हलविता सरळ वर उचलायचा. ठसा डुलला की कडा दुहेरी उमटते. अक्षरे कोरणाऱ्याची कसोटी तर त्याहून कडक, कारण त्याला सर्व काही उलटे कोरायचे असते. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने लिहून, तो कागद रबरावर पालथा घालून पाठीवरून नखाने घासला की अक्षर आपोआप उलटे उतरते; नंतर रेषा तशीच राखून भोवतालचे रबर काढायचे. ‘शुभेच्छा’ हा एक शब्द कोरून पाहावा: ‘श’ची आणि ‘भ’ची गाठ शाईने भरून जाते, ‘च्छ’च्या जोडाक्षरात टोकाला जागाच उरत नाही, आणि शिरोरेषा किंचित वाकली की सारा शब्द कलंडतो. ज्या मुलाने हा शब्द स्वच्छ उमटविला त्याचे सुलेखनाचे शिक्षण अर्धे झाले असे समजावे. पावसाळ्यात, जेव्हा या भागात हवेतच पाणी भरलेले असते, तेव्हा वाळण्याला तिप्पट वेळ द्यावा लागतो. तो वेळ देणे हाही या कलेचा भाग आहे.

आकृती कोणत्या घ्याव्यात, हा प्रश्न तंत्राहून नाजूक आहे. या भागातील माडिया आदिवासींच्या बांबूच्या फण्यांवरील कोरीव रेषा, लाकडी वस्तूंवरील नक्षी, अंगावरील गोंदण यांत ठशाला अनुकूल अशा आकृतींचा खजिनाच आहे. मोहाचे फूल, तेंदूचे पान, मोराचा तुरा, मासोळी आणि ढोल हे तर मुलांच्या रोजच्या पाहण्यातले. परंतु सर्व खुणा सर्वांच्या नसतात. कुळाचे दैवत, मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्तंभांवरील चिन्हे, पूजेत उमटविली जाणारी चित्रे ही वाढदिवसाच्या कार्डावर आणण्याआधी गावातील वडीलधाऱ्यांना विचारावे, आणि ते नको म्हणाले तर त्यांचा शब्द अखेरचा मानावा, अशी शिस्त या पुस्तकाने घालून दिली आहे. आदिवासी नक्षी म्हणून बाहेरच्या बाजारात जे वाटेल ते छापले जात असताना ही शिस्त पाळणे अगत्याचे आहे. बीजपंडुमसारख्या सणाच्या शुभेच्छा कोणत्या शब्दांत आणि कोणत्या चित्रात द्याव्यात, हे ठरविण्याचा हक्क तो सण साजरा करणाऱ्यांचाच.

ही कला आजच का हवी, याचे उत्तर दोन ठिकाणी आहे. एक सर्वांच्या अनुभवातले: दिवाळीच्या पहाटे भ्रमणध्वनीवर शेकडो चित्रे येऊन आदळतात, ती ज्याने पाठविली त्यानेही पाहिलेली नसतात, आणि संध्याकाळपर्यंत आपण ती जागा अडवितात म्हणून पुसून टाकतो. ज्या शुभेच्छेसाठी कोणी क्षणभरही थांबले नाही तिच्यापाशी वाचणाराही थांबत नाही. दुसरे उत्तर या मुलखापुरते आहे आणि मला ते अधिक जवळचे वाटते. आश्रमशाळेत राहणारे मूल सहा-सात वर्षांचे असताना घर सोडते. त्याचे आईवडील माडिया बोलतात, शाळा मराठीत शिकविते, बाजारात तेलुगू, हिंदी आणि बंगालीही ऐकू येते, आणि पुष्कळ घरांत पत्र वाचून दाखवायला कोणी नसते. अशा घरी मुलाने काय लिहावे? लिहिलेले पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. पण स्वतः कोरलेला मोहाच्या फुलाचा ठसा, त्याच्या बाजूला आपल्या अंगठ्याचा ठसा आणि खाली नाव असे कार्ड आईच्या हाती पडले तर ते तिचे तिलाच कळते. याच भागात अनेकांच्या वाडवडिलांनी निरक्षर म्हणून कागदावर अंगठा उमटविला, आणि काय कबूल केले हे त्यांना पुष्कळदा कोणी सांगितले नाही. त्यांच्या नातवंडांनी तोच अंगठा प्रेमाची खूण म्हणून, जाणतेपणाने, आपण निवडलेल्या रंगात उमटवावा, यात मला मोठा न्याय दिसतो.

पुस्तकाचा हेतू कोणता आणि कोणता नाही, हेही स्पष्ट असावे. नमुने देऊन त्यांच्या नकला करवून घेण्याचा त्याचा उद्देश नाही. त्यात दाखविलेली प्रत्येक कृती वाचकाने आपल्या गावातील साहित्य आणि आपल्या माणसांची आवड पाहून बदलावी, अशा बेताने ती सांगितली आहे. उत्पन्नाची मोठी आमिषेही त्याने दाखविलेली नाहीत. बचतगटांनी कार्डे विकावीत, त्यास योग्य मोल मागावे, पण एका कार्डाला लागणारा वेळ हिशेबात धरल्याखेरीज भाव ठरवू नये, असा सरळ सल्ला त्यात आहे. शिक्षकांसाठी केलेली मांडणी विशेष उपयुक्त झाली आहे, कारण कार्यानुभवाच्या तासाला चाळीस मुले, दोन कात्र्या आणि एक स्टँपपॅड अशी स्थिती असते हे लेखिका विसरत नाही. कात्री आणि कोरणी लहान मुलांच्या हाती केव्हा द्यावी, चपलेच्या मऊ तळापासून आरंभ करून ट्यूबपर्यंत कसे जावे, आणि ठसे वर्गातल्या वर्गात कसे फिरते ठेवावेत, याचा विचार त्यात आहे. फार महागडी तंत्रे आणि केवळ विकत घेतलेल्या साहित्यावर उभी असलेली शोभा लेखिकेने बुद्ध्या वगळली आहे. त्याची उणीव एखाद्या शहरी वाचकाला भासेल, परंतु हे पुस्तक ज्यांच्यासाठी आहे त्यांना भासणार नाही.

हे पुस्तक हाती घेणाऱ्या शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. पहिल्या दिवशी फुले, पक्षी, सणांची चित्रे काहीही घेऊ नये. वर्गातील प्रत्येक मुलाला आपल्या नावाचे पहिले अक्षर कोरू द्यावे आणि तो ठसा वर्षभर त्याच्याच ताब्यात ठेवावा. त्याने केलेल्या प्रत्येक कार्डावर, मजकूर संपेल तेथे, तो त्याने स्वतःच्या हाताने उमटवावा. मोठेपणी हेच मूल दाखल्यासाठी, दाव्यासाठी कचेरीत जाईल तेव्हा मेजापलीकडचा शिक्का त्याला परका वाटणार नाही. तो कसा घडतो, त्याला किती दाब लागतो आणि तो कोणत्या कागदावर उमटावा हे ठरविणारा माणूसच असतो, हे त्याला ठाऊक असेल. अशा जाणत्या हातांची एक पिढी या अरण्यात तयार होण्यास हे पुस्तक कारण होवो.

एटापल्ली
मकरसंक्रांत